गुण आला, पण नेमका किती?

पानिपतमध्ये परदेशातून जुने लोकरी कपडे गठ्ठ्यांनी येतात. गोदामात बसून बायका त्यांची बटणं, चेन आणि अस्तरं काढतात, रंगावार ढीग लावतात. पुढे त्या चिंध्या पिंजून सूत निघतं आणि सुताची ब्लँकेटं होतात. भूकंप-महापुरानंतर वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटं बरीचशी इथली असतात. या कामावरची, तीन बाळंतपणं झालेली, पंचेचाळिशीतली एक बाई डोळ्यांसमोर आणा. शिंक आली, गठ्ठा उचलला की तिला थोडी लघवी होते. कधी इतकी घाईची लागते की संडासापर्यंत पोहोचता येत नाही. कामाच्या जागी धड सोय नसल्याने ती सकाळपासून पाणीच पीत नाही. घरी ती कुणाला काही सांगत नाही, कारण ‘वय झालं की व्हायचंच’ हे उत्तर तिला आधीच ठाऊक असतं.

समजा, धीर करून ती रोहतकच्या किंवा दिल्लीच्या मोठ्या रुग्णालयात गेली आणि तिथे चालू असलेल्या एका औषधचाचणीत सामील झाली. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी विचारलं, “गुण आला का?” पूर्वी दिवसातून चारदा कपडे ओले व्हायचे, आता दोनदा होतात. भीती कमी झाल्याने ती पाणी नीट पिते, त्यामुळे लघवीच्या फेऱ्या वाढल्या आहेत. गोळीने तोंडाला कोरड पडते. पण ती आता लग्नकार्याला जाऊ लागली आहे.

फेऱ्या मोजणारा म्हणेल, त्रास वाढला. गळती मोजणारा म्हणेल, निम्मा फरक पडला. पूर्ण कोरडी राहिली का, एवढंच पाहणारा म्हणेल, उपचार फसला. ती स्वतः म्हणेल, बरं वाटतंय. चारही उत्तरं खरी आहेत. मग संशोधकाने अहवालात लिहायचं काय? आणि दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्या चाचणीने वेगळाच निकष धरला, तर या दोन औषधांची तुलना करायची कशी? मूत्राशयाच्या विकारांवरच्या संशोधनाला हा प्रश्न गेली पन्नास वर्षं छळतो आहे.

मूत्राशयाचं दुहेरी काम

मूत्रपिंडं दिवसभरात साधारण दीड लिटर लघवी तयार करतात. ती साठवणं आणि योग्य वेळी पूर्ण बाहेर टाकणं, ही मूत्राशयाची दोन कामं. साठवताना मूत्राशयाच्या भिंतीतला स्नायू सैल राहतो आणि मूत्रमार्गाभोवतीची झडप मिटलेली असते. दीडशे-दोनशे मिलिलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते. निरोगी माणूस तीनशे ते पाचशे मिलिलिटरपर्यंत आरामात थांबू शकतो. विसर्जनाच्या वेळी नेमकं उलट घडतं. झडप सैल होते आणि भिंतीचा स्नायू आकसतो. मेंदू, मज्जारज्जू आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू या तिघांचा मेळ बसला, तरच हे सुरळीत होतं.

हा मेळ अनेक प्रकारे बिघडतो. बाळंतपणात तळाचे स्नायू ताणले गेले, तर खोकताना-शिंकताना गळती होते. भिंतीचा स्नायू भलत्या वेळी आकसू लागला, तर अनावर घाई लागते. प्रोस्टेट वाढली, तर पुरुषांना धार बारीक होणं, जोर करावा लागणं, रात्री सारखं उठणं असा त्रास होतो. मधुमेहाने नसा बधिर झाल्या, तर मूत्राशय पूर्ण रिकामंच होत नाही. मज्जारज्जूला इजा झालेल्यांची तर वेगळीच कथा. इतक्या तऱ्हेच्या बिघाडांना ताप किंवा रक्तदाब यांच्यासारखा एकच आकडा लागू पडत नाही. म्हणूनच इथे मोजमापाचा प्रश्न इतका अवघड होतो.

एकच चाचणी, दोन निकाल

निकष बदलला की निकाल किती बदलतो, याची दोन उदाहरणं अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांतून मिळतात. २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ६५५ स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. खोकताना होणाऱ्या गळतीवरच्या दोन शस्त्रक्रियांची त्यात तुलना होती. एकीत स्त्रीच्याच शरीरातल्या पडद्याची पट्टी मूत्रमार्गाखाली आधाराला बसवायची, दुसरीत टाके घालून मूत्राशयाची मान वर उचलून धरायची. दोन वर्षांनी फक्त खोकताना होणाऱ्या गळतीचा निकष लावला, तेव्हा पहिली शस्त्रक्रिया ६६ टक्के आणि दुसरी ४९ टक्के स्त्रियांमध्ये यशस्वी ठरली. मग कडक निकष लावला. तक्रार नको, तीन दिवसांच्या नोंदवहीत एकही गळती नको, पॅडचं वजन ठरावीक मर्यादेपलीकडे वाढायला नको, खोकून पाहिल्यावर थेंब दिसायला नको आणि पुन्हा उपचार लागायला नकोत. तेव्हा हेच आकडे ४७ आणि ३८ टक्क्यांवर उतरले. शस्त्रक्रिया त्याच, स्त्रिया त्याच. बदलली ती यशाची व्याख्या.

दुसरं उदाहरण २०१० चं. त्यात कृत्रिम जाळीच्या पट्टीच्या दोन पद्धतींची तुलना होती. डॉक्टरांनी तपासून ठरवलेलं यश ८०.८ आणि ७७.७ टक्के होतं. स्त्रियांच्या स्वतःच्या सांगण्यावरून आणि नोंदवहीवरून ठरवलेलं यश मात्र ६२.२ आणि ५५.८ टक्के निघालं. म्हणजे दवाखान्यात कोरड्या ठरलेल्या अनेक जणींना घरी मात्र त्रास होतच होता. या चाचणीने दोन्ही आकडे छापले, हे तिचं मोठेपण. एखाद्या संशोधकाने यातला एकच छापला असता, तर वाचणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळली असती.

मोजायची साधनं

सर्वांत साधं आणि तरीही मोलाचं साधन म्हणजे लघवीची नोंदवही. सहसा तीन दिवस रुग्णाने किती प्यायलं, कधी आणि किती लघवी झाली, घाई लागली का, गळती झाली का, हे मापाच्या भांड्याने मोजून लिहायचं. यात एक अडचण आहे. लिहायला लागल्यावर माणूस आपोआप सावध होतो, पिण्याच्या आणि जाण्याच्या वेळा सुधारतो. मोजमापच थोडा उपचार करून जातं.

दुसरं साधन पॅडचं वजन. आंतरराष्ट्रीय पद्धतीने ठरवून दिलेल्या एका तासाच्या चाचणीत आधी वजन केलेलं पॅड बांधून अर्धा लिटर पाणी पाजतात. मग चालणं, जिना चढणं, दहा वेळा बसून उठणं, दहा वेळा जोराने खोकणं, जागच्या जागी मिनिटभर धावणं, पाच वेळा वाकून जमिनीवरची वस्तू उचलणं आणि शेवटी वाहत्या पाण्याखाली मिनिटभर हात धुणं असा क्रम असतो. नंतर पॅडचं वजन पुन्हा करायचं. चोवीस तासांची घरगुती चाचणीही आहे. पण किती ग्रॅमच्या पुढे गळती म्हणायची, याचे आकडे वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळे धरलेले दिसतात.

तिसरं साधन यंत्राचं. मूत्राशयात बारीक नळी घालून भरताना आणि रिकामं होताना आतला दाब मोजतात. बिघाड कुठे आहे, हे त्यातून कळतं. पण त्या बिघाडाचा रुग्णाला किती जाच होतो, हे कळत नाही.

म्हणून चौथं साधन आलं, ते प्रश्नावलीचं. पुरुषांच्या प्रोस्टेटच्या त्रासासाठी मायकेल बॅरी आणि सहकाऱ्यांनी १९९२ साली सात प्रश्नांची गुणपद्धती मांडली. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते पाच, एकूण ३५ गुण. सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम आणि वीसपासून पुढे तीव्र. पुढे ‘उरलेलं आयुष्य हा त्रास असाच राहिला तर कसं वाटेल’ हा आठवा प्रश्न जोडून ती जगभर रुळली. साधारण तीन गुणांनी आकडा उतरला, तर रुग्णाला थोडा फरक जाणवतो, हेही नंतरच्या अभ्यासातून दिसलं. गळतीसाठी ब्रिस्टलमध्ये तयार झालेली छोटी प्रश्नावली २००४ साली प्रसिद्ध झाली. किती वेळा, किती प्रमाणात आणि रोजच्या जगण्यात किती अडथळा, या तीन प्रश्नांचे मिळून २१ गुण. चौथा प्रश्न गळती कधी होते हे विचारतो. त्याला गुण नाहीत, पण बिघाडाचा प्रकार ओळखायला तो उपयोगी पडतो.

तक्रारीला मान

या सगळ्याला शिस्त लावण्याचं काम प्रामुख्याने ‘इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी’ या संस्थेने केलं. ती १९७१ साली स्थापन झाली आणि १९७६ मध्ये तिच्या प्रमाणीकरण समितीचा पहिला अहवाल आला. सुरुवातीच्या व्याख्येनुसार गळती ही तपासणीत दाखवता यायला हवी होती, शिवाय तिचा सामाजिक किंवा स्वच्छतेचा त्रासही व्हायला हवा होता. म्हणजे डॉक्टरांसमोर थेंब दिसला नाही, तर आजारच नाही. २००२ च्या अहवालाने ही अट काढली. अनावधानाने लघवी गळण्याची कोणतीही तक्रार म्हणजे हा विकार, असं ठरलं. माझ्या मते या क्षेत्रातला हा सर्वांत मोठा बदल आहे. पुरावा फक्त यंत्रात किंवा परीक्षकाच्या डोळ्यांत नसतो, रुग्णाच्या शब्दालाही पुराव्याची किंमत आहे, हे त्यातून मान्य झालं.

त्याआधी १९९८ मध्ये याच संस्थेने चाचण्यांचे परिणाम कसे मोजावेत यावर स्वतंत्र अहवाल काढले होते. पुरुष, स्त्रिया आणि थकलेले वृद्ध यांचा त्यात वेगवेगळा विचार होता. रुग्णाचं स्वतःचं निरीक्षण, लक्षणांची आकडेवारी, डॉक्टरांची तपासणी, जगण्याची प्रत आणि आर्थिक-सामाजिक खर्च, या पाचही बाजूंनी उपचार पाहावा, अशी त्यांची शिफारस होती.

औषधाचा वाटा किती?

परिणाम मोजताना तुलनेचा गट का लागतो, हे एका आकड्यावरून कळेल. अतिघाईच्या त्रासावरचं मिराबेग्रॉन हे औषध आज भारतातही लिहून दिलं जातं. त्याच्या युरोप-ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत, ५० मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्यांच्या लघवीच्या फेऱ्या दिवसाला सरासरी १.९३ ने कमी झाल्या. औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांच्याही फेऱ्या १.३४ ने कमी झाल्या. औषधाचा निव्वळ वाटा दिवसाला जेमतेम ०.६ फेरीचा. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक खरा आहे. पण रुग्णाच्या दृष्टीने तो पुरेसा आहे का, याचं उत्तर फेऱ्यांच्या आकड्यात मिळत नाही. त्यासाठी झोप, कामावर जाणं, मनातली धास्ती यांबद्दल विचारावं लागतं.

जे विचारलंच नाही

निकष निवडताना काही सुटलं, तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. कृत्रिम जाळीच्या उपचारांचा इतिहास याची साक्ष देतो. नव्वदच्या दशकात स्वीडनमधून आलेली जाळीच्या पट्टीची शस्त्रक्रिया छोटी, सोपी आणि गळती थांबवणारी होती. चाचण्यांनी गळती मोजली आणि ती खरोखर कमी झालेली दिसली. पण चिवट वेदना, शरीरसंबंधातला त्रास, जाळी पुढे मांसातून बाहेर येणं, या गोष्टी सगळ्या चाचण्यांनी सारख्याच पद्धतीने आणि पुरेसा काळ विचारल्या नाहीत. ज्या स्त्रियांना हा त्रास झाला, त्यांना तो ओरडून सांगावा लागला. अंग खाली सरकण्यावर योनिमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री थांबवायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ च्या एप्रिलमध्ये सांगितलं. इंग्लंडमध्ये २०१८ पासून गळतीसाठीच्या जाळीवरही कडक बंधनं आली. २०२० साली बॅरोनेस कंबरलेज यांच्या चौकशी अहवालाने स्त्रियांचं ऐकलं गेलं नाही, असं स्पष्ट लिहिलं. जाळीच्या पट्टीने अनेकींना आराम मिळाला, हेही तितकंच खरं. म्हणूनच लाभ आणि हानी, दोन्ही पहिल्या दिवसापासून सारख्याच काळजीने मोजायला हव्यात.

एक किमान यादी

प्रत्येक चाचणीने वेगळाच निकष धरण्यावरचा उपाय आता बराच स्पष्ट झाला आहे. एका विकारावरच्या प्रत्येक चाचणीने काही ठरावीक गोष्टी मोजायच्याच. त्यापलीकडे काय मोजायचं, ते संशोधकाने आपल्या गरजेनुसार ठरवावं. पानिपतचा ब्लँकेटचा व्यापारी परगावच्या गिऱ्हाइकाला नुसतं ‘छान जाड आहे’ म्हणून सांगत नाही. चौरस मीटरला किती ग्रॅम, ते सांगतो. त्यामुळे चार कारखान्यांच्या मालाची तुलना होऊ शकते. वैद्यकीय संशोधनात संधिवाताच्या डॉक्टरांनी १९९२ पासून असा प्रयत्न सुरू केला. २०१० मध्ये लिव्हरपूलमधून ‘कॉमेट’ हा उपक्रम उभा राहिला आणि सगळ्याच आजारांसाठी अशा याद्या करण्याला चालना मिळाली. यादी करताना डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि रुग्ण यांची मतं अनेक फेऱ्यांत घेतात. प्रत्येक फेरीनंतर इतरांनी काय म्हटलं, ते दाखवून पुन्हा विचारतात आणि एकमताकडे जातात. स्त्रियांच्या मूत्रविकारांसाठीही असे आंतरराष्ट्रीय गट काम करत आहेत. यात रुग्णांचा आवाज आला की डॉक्टरांना गौण वाटणाऱ्या गोष्टी वर येतात. वास येण्याची भीती, प्रवास टाळणं, नवऱ्यापासून लांब राहणं, पॅडचा खर्च ही त्यातली काही.

ही मोजपट्टी पानिपतला चालेल?

समान निकष हवेत, पण ते ब्रिस्टल किंवा बोस्टनमध्ये ठरले आणि इथे जसेच्या तसे लावले, तर फसतील.

पहिला प्रश्न हवामानाचा. पानिपतचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि हिवाळा कडक असतो. घाम येतो तेव्हा लघवी कमी होते, थंडीत वाढते. मे महिन्यात चाचणीत आलेल्या रुग्णाच्या फेऱ्या जानेवारीत वाढल्या, तर तो दोष औषधाचा नाही. तुलनेचा गट त्याच काळात, त्याच हवेत असला तरच हा घोळ टळतो.

दुसरा प्रश्न कामाच्या वेळांचा. रात्रपाळीचा मजूर दिवसा झोपतो. त्याला ‘रात्री किती वेळा उठता’ विचारून उपयोग नाही. झोपेच्या मुख्य काळात लघवीसाठी किती वेळा जाग येते, असंच विचारावं लागतं.

तिसरा प्रश्न भाषेचा आणि अक्षरओळखीचा. इथे हरियाणवी आहे, फाळणीनंतर आलेल्या कुटुंबांची पंजाबी आहे, उत्तर प्रदेश-बिहारच्या आणि बंगालच्या मजुरांच्या बोली आहेत. प्रश्नावलीचं भाषांतर करायचं, दुसऱ्याकडून ते मूळ भाषेत परत करवून ताडून पाहायचं आणि प्रत्यक्ष रुग्णांना वाचून दाखवून त्यांना काय समजलं ते विचारायचं, ही रीत पाळावी लागते. ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ ही मोहीम २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपतमधूनच सुरू झाली. पण ज्या पिढीला हा विकार जास्त सतावतो, त्या पिढीतल्या कित्येक जणींना वाचता येत नाही. शिकलेल्या लेकीने किंवा सुनेने प्रश्न वाचून दाखवले, तर खरी उत्तरं येतीलच असं नाही. अशा ठिकाणी चित्रं मदत करतात. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलेनबॉश विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये पुरुषांसाठी चित्रांची गुणपद्धती प्रसिद्ध केली. धार किती जोराची, दिवसा-रात्री किती वेळा, त्रास किती, हे चित्र निवडून सांगायचं. कमी शिकलेल्यांना ती शब्दांच्या प्रश्नावलीपेक्षा सोपी गेली. पॅड वापरण्याबद्दलचे प्रश्नही जुनं कापड वापरणाऱ्या बाईला लागू पडतील असे करावे लागतात.

चौथा प्रश्न यंत्रांचा. दाब मोजणारं यंत्र छोट्या गावात हाताशी नसतं. २०१२ साली ६३० स्त्रियांवर झालेल्या अमेरिकी चाचणीने यावर दिलासा दिला. खोकताना होणाऱ्या साध्या गळतीत, शस्त्रक्रियेआधी यंत्रतपासणी केलेल्या आणि फक्त नेहमीची तपासणी केलेल्या, अशा दोन्ही गटांत यश जवळपास सारखंच, ७७ टक्क्यांच्या आसपास आलं. तेही स्त्रियांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवरून मोजलेलं. नीट विचारलेले प्रश्न ही गरिबाच्या गावातही परवडणारी तपासणी आहे.

पाचवा प्रश्न मध्येच सोडून जाणाऱ्यांचा. स्थलांतरित मजूर होळीला, छठपूजेला गावी जातात, काही परत येत नाहीत. शंभर जणींनी चाचणी सुरू केली, साठ जणी शेवटी आल्या आणि त्यातल्या अठ्ठेचाळीस बऱ्या झाल्या, तर यश ८० टक्के म्हणायचं की ४८? हे आधीच ठरवून लिहिलं नाही, तर मोठा आकडा छापण्याचा मोह होतो.

आधी लिहा, मग मोजा

हा मोह आवरण्यासाठी आपल्याकडे सोय आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अखत्यारीतली ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ २० जुलै २००७ रोजी सुरू झाली. १५ जून २००९ पासून औषधचाचण्यांची नोंद तिथे सक्तीची झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. मुख्य निकष कोणता आणि तो किती आठवड्यांनी मोजणार, हे त्या नोंदीत लिहावं लागतं. ही नोंद कुणालाही विनामूल्य पाहता येते. शोधनिबंधात वेगळाच निकष पुढे आणला, तर तो पकडता येतो.

महाराष्ट्रात दरवर्षी पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थी मोठ्या संख्येने प्रबंध लिहितात. स्त्रीरोग, मूत्ररोग, फिजिओथेरपी या विषयांत ओटीपोटाच्या व्यायामांवर, औषधांवर, शस्त्रक्रियांवर पन्नास-साठ रुग्णांचे अभ्यास होतात. प्रत्येकाचा निकष वेगळा असल्यामुळे ते कपाटात पडून राहतात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि महाविद्यालयांच्या नैतिकता समित्यांनी प्रत्येक विकारासाठी तीन-चार समान निकष आग्रहाने मागितले, तर हेच छोटे अभ्यास एकत्र करून आपल्या लोकांबद्दलचा मोठा पुरावा उभा राहील. त्यासाठी नवा निधी लागत नाही, शिस्त लागते.

वाचकांनाही सांगणं आहे. तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला अशा चाचणीत सहभागी व्हायला सांगितलं, तर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा. यश कशावरून ठरवणार? माझ्या त्रासाबद्दल मला विचारणार का? आणि दुष्परिणामांची नोंद किती काळ ठेवणार? हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि चाचणी असो वा नसो, लघवीचा त्रास वयाच्या नावावर सोसू नका. व्यायाम, सवयींतले बदल, औषधं आणि शस्त्रक्रिया यांनी यातल्या बहुतेकांना आराम मिळू शकतो. डॉक्टरांना भेटा आणि संकोच न ठेवता सगळं सांगा.